तोराहमधले गुप्त संदेश आणि 'ढापलेल्या' गोष्टी

जुनाबाजार (धागाकर्ता)

तोराहबद्दलचे दोन दावे व्हॉट्सॅपवर कायम फिरत असतात आणि गंमत अशी की दोन्ही बरेचदा एकाच माणसाकडून येतात. पहिला दावा : या ग्रंथाच्या अक्षरांमध्ये जगाचं भविष्य दडवलेलं आहे, संगणक लावला की इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या खुनापासून अणुबॉम्बपर्यंत सगळं बाहेर पडतं. दुसरा दावा : तोराहमध्ये ज्यूंचं स्वतःचं असं काहीच नाही, सगळ्या गोष्टी बाबिलोनकडून ढापलेल्या. म्हणजे सकाळी देवाचं हस्ताक्षर आणि संध्याकाळी कॉपी केलेला पेपर. दोन्ही एकदा खरवडून बघू म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तोराह म्हणजे मोशेची पाच पुस्तकं : उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. हिब्रूत अक्षरं २२, सगळी व्यंजनं. स्वर बहुतेक वाचणाऱ्याने मनाने भरायचे. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या छापील प्रतीत एकूण ३,०४,८०५ अक्षरं आहेत. संकेतवाले शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून टाकतात, सगळी अक्षरं सलग मांडतात आणि दर सातवं, दर पन्नासावं, दर चार हजारावं अशा समान उड्या मारत शब्द शोधतात. उलटीकडून शोधलेलंही चालतं.

आधुनिक काळात याला चालना दिली ती मायकेल डोव्ह वाइसमांडल या स्लोव्हाकियातल्या रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी). नाझी काळात ज्यूंना वाचवण्यासाठी जिवाचं रान केलेला हा माणूस. संगणक नव्हताच, ते तोराहची अक्षरं दहा बाय दहाच्या चौकटीत हाताने लिहून काढत. त्यांच्या लक्षात आलं की उत्पत्तीतल्या पहिल्या 'ताव' अक्षरापासून दर पन्नासावं अक्षर घेतलं की 'तोराह' हा शब्द तयार होतो. निर्गममध्येही तेच. १९५७ मध्ये ते वारले.

पुढे १९९४ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले गणिती एलियाहू रिप्स, डोरोन विट्झटम आणि योआव रोझेनबर्ग यांचा शोधनिबंध 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या नामांकित नियतकालिकात आला. १९९७ मध्ये मायकेल ड्रॉस्निन या अमेरिकन पत्रकाराने त्यावर खपाऊ पुस्तक लिहिलं आणि प्रकरण घराघरात पोचलं. रिप्स यांनी त्याच वर्षी जाहीर केलं की ड्रॉस्निनचं काम आणि त्याने काढलेले निष्कर्ष आपल्याला मान्य नाहीत. फॉरवर्डमध्ये हे वाक्य कधीच नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो : गुप्त संदेश हे शुद्ध थोतांड आहे. उसन्या गोष्टींचं मात्र तसं नाही. तिथे खरंच माल आहे, फक्त 'ढापल्या' म्हणणाऱ्याने त्या गोष्टी वाचलेल्या नसतात. या, हाणा.

खवचट_काका

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

शून्य_एक

गणित आधी उरकून घेऊ. ३,०४,८०५ अक्षरं, उडी एकपासून हजारपर्यंत, दोन्ही दिशांनी. म्हणजे सुमारे ६१ कोटी अक्षरमाळा तपासायला मिळतात. बावीसही अक्षरं सारख्याच प्रमाणात येतात असं धरलं, तर एखादा चार अक्षरी शब्द योगायोगाने जुळायची शक्यता २,३४,२५६ मध्ये एक. करा भागाकार. कुठलाही चार अक्षरी शब्द अडीच हजारांहून जास्त वेळा सापडायलाच हवा. नाही सापडला तर तो चमत्कार!

आता हिब्रू येत नसलेल्यांसाठी घरचं उदाहरण. ज्ञानेश्वरीची पहिली ओवी घ्या : "ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥" ॐकार बाजूला ठेवा, मात्रा आणि अनुस्वार काढा, जोडाक्षरं फोडा. हिब्रूसारखा सांगाडा उरतो, २९ अक्षरांचा :

न म ज आ द य व द प र त प द य ज य ज य स व स व द य आ त म र प

सातव्या अक्षरापासून दर तिसरं अक्षर उचला : व, र, द. वरद! आणि पुढच्याच ओवीत "देवा तूंचि गणेशु". थांबा, अजून आहे. सहाव्या अक्षरापासून दर सातवं : य, द, व. यादव! ग्रंथ झाला शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये, देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या राज्यात, आणि ग्रंथाच्या शेवटी माउली त्याचा 'यदुवंशविलासु' म्हणून उल्लेखही करतात. म्हणजे पहिल्या ओवीत राजाचं कुळ दडवलेलं आणि तेही सात या पवित्र आकड्याने! संगीत वाजवा, पाठीमागे ढग दाखवा, व्हिडिओ तयार.

आता यात न सांगितलेलं काय ते बघा. त्याच २९ अक्षरांत पाचव्यापासून दर पाचवं घेतलं की 'दर्जा' निघतो, चौथ्यापासून दर सहावं घेतलं की 'आर्य'. 'दर्जा'चं काय करायचं? काही नाही, सोडून द्यायचं. जे जमलं ते दाखवायचं आणि उरलेलं झाकायचं, एवढंच या शास्त्राचं शास्त्र. तेही २९ अक्षरांत. तीन लाखांत काय काय निघेल याची कल्पना करा.

मिठागर

बाब्बौ! 'यादव' मी स्वतः मोजून पाहिला. आईशप्पथ निघतोय. वाचनखूण साठवली आहे.

दशमान

शून्य_एक, उदाहरण छान आहे पण तीन अक्षरी शब्द म्हणजे पोरखेळ, आणि तुम्ही हल्ला करताय तो ड्रॉस्निनवर. रिप्स यांचा पेपर वेगळा आहे, तो वाचून बोला. त्यांनी शब्द 'सापडतो का' हे पाहिलंच नाही. इतिहासातल्या नामवंत रब्बींची यादी एका छापील चरित्रकोशातून घेतली, पहिली ३४ जणांची आणि परीक्षकांनी मागितली म्हणून दुसरी ३२ जणांची. मग उत्पत्तीच्या पुस्तकात प्रत्येकाचं नाव आणि त्याची जन्म-मृत्यूची तारीख एकमेकांच्या जवळ येतात का, हे मोजलं. नंतर नावं आणि तारखा मुद्दाम उलटसुलट जोडून लाखो वेळा तेच मोजलं. खरी जोडी योगायोगाने इतकी वर येण्याची शक्यता निघाली दहा लाखांत सोळा. ही चाचणी पर्सी डायकोनिससारख्या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलेली होती. रॉबर्ट ऑमनसारखा माणूस, ज्याला पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तो हे गांभीर्याने घेत होता. सगळे मूर्ख होते का?

मी श्रद्धेपोटी बोलत नाहीये, माझा या धर्माशी संबंधही नाही. पण 'थोतांड' हा शब्द जपून वापरावा.

शून्य_एक

रास्त सवाल आहे, आणि 'मूर्ख' कुणीच म्हणत नाहीये. संपादकांनी तो पेपर छापला तोसुद्धा 'वाचकांना डोकं चालवायला एक कोडं' अशा प्रस्तावनेसकट. कोडं पाच वर्षांत सुटलं. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात ब्रेंडन मॅके, ड्रोर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई या चौघांचं उत्तर आलं. मॅके ऑस्ट्रेलियाचे, बाकीचे तिघे इस्रायली.

गोम होती यादीत. माणसं चरित्रकोशातून घेतली हे खरं, पण माणसाला हाक कुठल्या नावाने मारायची? मध्ययुगीन रब्बी म्हणजे एकाला पाच नावं. स्वतःचं नाव, बापाच्या नावासकट, गावावरून, लिहिलेल्या ग्रंथावरून, आद्याक्षरांवरून, शिवाय 'रब्बी' ही पदवी लावून किंवा न लावता. त्यात प्रत्येकाचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी. तारीख लिहायच्याही अनेक रीती, त्यातल्या तीन निवडल्या. ही नावांची निवड एका तज्ज्ञ प्राध्यापकांनी केली, पण तिला लेखी नियम असे नव्हतेच. प्रत्येक निवड एकेकटी बघितली तर सयुक्तिक वाटते. अशा शेकडो निवडी एकाच बाजूला झुकल्या की मात्र दहा लाखांत सोळा आपोआप उभं राहतं. मुद्दाम फसवलं असंही म्हणायची गरज नाही.

आणि चौघांनी नुसती टीका केली नाही, करून दाखवलं. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'च्या हिब्रू भाषांतराची सुरुवातीची ७८,०६४ अक्षरं घेतली (उत्पत्तीची अक्षरं तितकीच आहेत), रब्बींच्या नावांच्या यादीत तितकेच सयुक्तिक वाटतील असे थोडे बदल केले, आणि तसाच भरघोस निकाल टॉलस्टॉयमध्ये आणून दाखवला. त्याच यादीने उत्पत्तीत काहीच दिसेना.

ऑमन यांचं नाव घेतलंत म्हणून तेही पूर्ण सांगतो. हिब्रू विद्यापीठात एक समिती बसली, तिच्यात ऑमन होते आणि स्वतः रिप्सही होते. नवे प्रयोग झाले, नावं गोळा करायला स्वतंत्र तज्ज्ञ नेमले. २००४ मध्ये अहवाल आला : संकेतांना दुजोरा मिळाला नाही. ऑमन यांनी स्वतः लिहिलं की हे आपल्याला मुळातच असंभव वाटत होतं आणि संशोधनाअंती आपण पुन्हा त्याच मतावर आलो आहोत. ते स्वतः धर्मनिष्ठ ज्यू, हे विसरू नका. कॅलटेकचे बॅरी सायमन हेही कर्मठ ज्यू, त्यांनी तर संकेतांविरुद्ध गणितज्ञांचं जाहीर निवेदन काढून पन्नासांहून अधिक सह्या गोळा केल्या.

जाता जाता, ड्रॉस्निनने आव्हान दिलं होतं की टीकाकारांनी 'मोबी डिक'मध्ये एखाद्या पंतप्रधानाच्या खुनाची बातमी शोधून दाखवावी, मग मी मानेन. मॅके यांनी त्या देवमाशाच्या कादंबरीतून अर्धा डझनाहून जास्त खून काढून दिले. त्यातल्या एक आपल्या इंदिरा गांधी.

खवचट_काका

म्हणजे देवमाशाला १८५१ सालीच माहीत होतं आणि आपल्या गुप्तचर खात्याला नाही. चालायचंच.

नवगावकर

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागजवळचे. त्यामुळे या विषयावर नातेवाईकांच्या ग्रुपवर जे येतं ते विचारू नका. दोन गोष्टी सांगतो, ज्या गणितात येत नाहीत.

पहिली. ड्रॉस्निनचा हुकमाचा एक्का म्हणजे राबिन. 'यित्झाक राबिन' हे नाव त्याला ४,७७२ अक्षरांच्या उडीने मिळालं आणि त्याला आडवं छेदणारं साधं, उघड वाक्य म्हणजे 'खून करणारा खुनी' अशा अर्थाचे शब्द. झालं, भविष्यवाणी! पण तो उघड मजकूर अनुवाद ४:४२ मधला आहे, आणि तिथे विषय चाललाय आश्रयनगरांचा. पूर्वीचं वैर नसताना, नकळत ज्याच्या हातून शेजारी मेला त्या माणसाने कुठे पळून जायचं, हा. १९९५ साली तेल अवीवच्या चौकात पिस्तूल घेऊन थांबलेल्या माणसाच्या अगदी उलट. अक्षरं मोजताना वाक्य वाचायचं राहून गेलं.

दुसरी गोष्ट मूळ पाठाची. तोराहची गुंडाळी सोफेर, म्हणजे लेखनिक, हाताने चामड्यावर लिहितो. समोर प्रत ठेवून, शब्द तोंडाने उच्चारून मग उतरवायचा. एक अक्षर गळलं किंवा जास्त झालं तरी ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत सेनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) वाचायला चालत नाही. इतकी काळजी. आणि तरीही येमेनी ज्यूंच्या गुंडाळ्या आणि बाकीच्यांच्या गुंडाळ्या यांत नऊ अक्षरांचा फरक आहे. अर्थ कुठेच बदलत नाही, सगळा स्पेलिंगचा मामला. पण पन्नास-पन्नासच्या उड्या मारणाऱ्याला एक अक्षरसुद्धा पुढचं सगळं विस्कटून टाकतं.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात (किद्दुशीन ३०अ), तर लिहिलंय की लेवीय ११:४२ मधल्या 'गाहोन' या शब्दातला 'वाव' हा तोराहचा बरोबर मध्य. आजही गुंडाळीत तो वाव मोठा काढतात. मोजून बघितलं तर मध्य तिथे येतच नाही, जवळजवळ पाच हजार अक्षरं आधी, आठव्या अध्यायात येतो. आणि त्याच पानावर रब्बी कबूल करतात की पूर्वीचे लोक कुठे अक्षर भरायचं, कुठे गाळायचं यात निष्णात होते, आम्ही नाही. दीड हजार वर्षांपूर्वीचे तालमूदकार जे प्रामाणिकपणे म्हणून गेले ते आजच्या व्हिडिओवाल्यांना म्हणवत नाही.

जुनाबाजार

नवगावकर, क्या बात! अनुवाद ४:४२ चं हे मला खास आवडलं.

शून्य_एकच्या ओवीलाही हेच लागू. ज्ञानेश्वरीची पोथी नकला होता होता इतकी बिघडली की नाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत करावी लागली. मधे एक अक्षर पडलं असतं तर यादवांचं राज्य 'खिलजीच्या आधीच' बुडालं असतं.

दशमान

पाठाचा मुद्दा दोन्ही बाजूंनी लागतो. १९७० मध्ये इस्रायलमधल्या एन-गेदीला जुन्या सेनेगॉगच्या उत्खननात एक जळून कोळसा झालेली गुंडाळी मिळाली. हात लावला तरी भुगा होईल अशी. तिचं स्कॅनिंग करून केंटकी विद्यापीठातल्या लोकांनी ती संगणकावर 'उलगडली', २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. लेवीयचे सुरुवातीचे अध्याय निघाले आणि व्यंजनन् व्यंजन आजच्या पाठाशी जुळलं. निदान दीड हजार वर्षं अक्षर हललं नाही. याला काय म्हणाल?

लिपीवेडा

याला उत्तम नकलाकार म्हणायचं. :) पण त्याच्याही आधीच्या, मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतल्या (१९४७ पासून मिळालेल्या) गुंडाळ्या पाहिल्या तर चित्र बदलतं. काही प्रती आजच्या पाठाशी जुळतात, काही शोमरोनी, म्हणजे समॅरिटन लोकांच्या, पाठाच्या जवळ जातात, काहींत स्पेलिंग ऐसपैस. पाठ स्थिरावला तो नंतर. संकेत दडवायचेच होते तर कुठल्या प्रतीत?

मी वेगळ्याच कारणासाठी लिहायला आलो. बायबलमध्ये खरा गुप्त संकेत आहे! तोराहमध्ये नाही, यिर्मयाच्या पुस्तकात. २५:२६ मध्ये 'शेशख' नावाच्या राजाचा उल्लेख येतो, असा देश नकाशावर नाही. वर्णमालेचं पहिलं अक्षर शेवटच्याने बदला, दुसरं उपांत्य अक्षराने, असं करत जा, की 'शेशख'चं 'बाबेल', म्हणजे बाबिलोन होतं. ५१:१ मध्ये 'लेव कामाई' आहे, त्याचं त्याच किल्लीने 'कास्दीम' म्हणजे खास्दी, बाबिलोनचेच लोक, होतं. या पद्धतीला अतबश म्हणतात.

आपल्याकडे महानुभावांनी पोथ्यांसाठी सकळ लिपी वापरली, तीही अशीच अक्षरांची अदलाबदल. पंथातल्या माणसाला किल्ली माहीत, त्यामुळे वाचणाऱ्या दोघांचं उत्तर एकच येणार. अतबशचंही तसंच. उडीच्या संकेतात किल्ली कोणाकडे असते? शोधणाऱ्याच्याच खिशात, आणि घटना घडून गेल्यावर तयार केलेली.

मिठागर

संकेतांचं पानिपत झालं. आता ढापाढापीवर या की.

मेघा_उ

येते. :)

३ डिसेंबर १८७२, लंडन. ब्रिटिश म्युझियममधला जॉर्ज स्मिथ हा तरुण बायबलविषयक पुरातत्त्व सोसायटीसमोर निबंध वाचतो, पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसलेले. असीरियाचा राजा अशुरबानिपाल याच्या निनवेच्या ग्रंथालयातल्या एका मातीच्या पाटीवर त्याला महापुराची कथा मिळालेली असते. मेसोपोटेमियातल्या गिल्गामेश महाकाव्याची अकरावी पाटी. स्मिथ मुळात नोटा छापण्याच्या पट्ट्या कोरणारा कारागीर, क्यूनिफॉर्म (त्या पाट्यांवरची खिळ्यांसारखी लिपी) स्वतःच्या हिमतीवर शिकलेला.

'ढापलं' म्हणण्याआधी ती पाटी वाचा. एक देव उत्नपिश्तिम नावाच्या माणसाला गुपचूप सावध करतो, तो ठरलेल्या मापाची नौका बांधतो, डांबर लावतो, आप्तांना आणि जनावरांना चढवतो. पूर ओसरताना नौका डोंगरावर अडकते. मग तो कबुतर सोडतो, परत येतं. पाकोळी सोडतो, परत येते. कावळा सोडतो, तो येत नाही. बाहेर पडून यज्ञ करतो, देवांना सुवास येतो. उत्पत्तीत नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर, आणि यज्ञाचा सुवास परमेश्वराला येतो (८:२१). पूर सगळीकडे येतात, पुराच्या गोष्टीही. पण पक्षी सोडून जमीन शोधणं, डोंगर, यज्ञ, सुवास हा क्रम असाच्या असा योगायोगाने येत नाही. शिवाय वाटही दाखवता येते : इस्रायलमधल्या मेगिद्दोला गिल्गामेशच्या पाटीचा तुकडा मिळालाय, इसपू चौदाव्या शतकाच्या आसपासचा. आणि इसपू ५८६ नंतर यहूदा या ज्यू राज्याची शिकलेली माणसं बाबिलोनमध्येच निर्वासित होती.

म्हणजे उसनवारी आहे, नक्की आहे. पण मग पुढे बघा काय केलंय. पाटीवर यज्ञाभोवती देव माश्यांसारखे गोळा होतात, कारण माणसं मेल्यामुळे ते उपाशी होते. त्याहून जुन्या अत्राहासिसच्या कथेत पूर का, तर माणसांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते म्हणून! उत्पत्तीत तेच कारण बदलून पृथ्वीवर माजलेला हिंसाचार झालं. सुवास ठेवला, भूक काढून टाकली. असं खोडरबर घेऊन बसलेल्या लेखकाला मी कॉपीबहाद्दर म्हणणार नाही.

आणि गंमत, उत्पत्तीत एक नाही दोन पूरकथा आहेत, वेणीसारख्या गुंफलेल्या. ६:१९ मध्ये प्रत्येक प्राण्याची एक जोडी घे, ७:२ मध्ये शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. एकीकडे ४० दिवस पाऊस, दुसरीकडे १५० दिवस पाणी. जाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये हे धागे वेगळे करायला सुरुवात केली. संपादकाने दोन्ही परंपरा जपल्या, शिवण दिसली तरी चालेल म्हणून. दशमान, अक्षरं मोजून संदेश पेरणाऱ्याने अशी शिवण सोडली असती का?

खवचट_काका

मेघाताई, मग आमचा मनू आणि मत्स्य? आणि अब्राहाम म्हणजे ब्रह्मा, सारा म्हणजे सरस्वती हे आमच्या ग्रुपवर सिद्ध झालेलं आहे, त्याचं काय करू?

मेघा_उ

काका, शतपथ ब्राह्मणात मनूला मासा सावध करतो, नाव माशाच्या शिंगाला बांधतात, उत्तरेच्या डोंगरावर थांबतात. यज्ञ तिथेही आहे. पण पक्षी नाहीत, जनावरांच्या जोड्या नाहीत, पूर का आला याचं कारणही दिलेलं नाही. नातं असेलही, पण नोहा-उत्नपिश्तिमइतका पुरावा नाही आणि कुणी कुणाकडून घेतलं हे नुसत्या साम्यावरून ठरत नाही. ब्रह्मा-अब्राहाम तर फक्त कानाला लागलेली चाहूल. तो शून्य_एकच्या 'यादव'चाच भाऊ.

हा आजार जुना आहे. १९०२ मध्ये फ्रीड्रिश डेलिच या प्राचीन असीरियाच्या जर्मन अभ्यासकाने कैसरसमोर 'बाबेल आणि बायबल' हे व्याख्यान दिलं. सुरुवात अभ्यासाने झाली, पण पुढे त्याची गाडी ज्यूद्वेषावर गेली. बायबलच्या जुन्या कराराला तो सरळ फसवणूक म्हणायला लागला. 'ढापलंय'च्या मागे नेहमी निव्वळ कुतूहलच असतं असं नाही, एवढ्यासाठी सांगितलं. नंतर सॅम्युएल सँडमेल या अभ्यासकाने जिथे तिथे साम्य दिसण्याच्या या खोडीसाठी 'पॅरललोमेनिया' हे नाव रूढ केलं.

आडवळणी

मोशे आणि मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन, दोघांनाही तान्हेपणी नदीत सोडलं, हे राहिलं की. बोरूची पेटी, डांबर, नदी, सगळं सेम. ही तर सरळ चोरी.

मेघा_उ

सार्गोन इसपू तेविसाव्या-चोविसाव्या शतकातला, पण त्याच्या जन्मकथेच्या ज्या पाट्या हातात आहेत त्या असीरियन काळातल्या, इसपू सातव्या शतकाच्या आसपासच्या. मोशेच्या कथेपेक्षा ती जुनी असेलच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय कर्ण आहेच आपल्याकडे. उत्पत्तीत योसेफवर त्याच्या धन्याची, पोटीफरची, बायको खोटा आळ घेते, त्याचंही तसंच. इजिप्तमध्ये इसपू १२०० च्या सुमाराच्या पपायरसवर दोन भावांची गोष्ट आहे, थोरल्याची बायको धाकट्यावर खोटा आळ घेते. पण आपल्याकडेही नकार मिळाला म्हणून अशोकाची राणी तिष्यरक्षिता त्याच्या मुलावर, कुणालावर, सूड उगवते. तिथे कोण कोणाचं ढापतंय?

मला विचाराल तर पुराच्या खालोखाल पक्का पुरावा गोष्टींत नाही, कायद्यात आहे. मारक्या बैलाच्या. एश्नुन्ना नावाच्या राज्याचा कायदा, हम्मुराबीच्या थोडा आधीचा, १९४० च्या दशकात बगदादजवळ टेल हरमलला मिळाला. कलम ५३ : एका बैलाने दुसऱ्याला मारलं तर दोन्ही मालकांनी जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्याचं मांस वाटून घ्यावं. निर्गम २१:३५ उघडा. तोच तोडगा. जिवंत बैल विका, पैसे वाटा, मेलेलाही वाटा. इतका विशिष्ट हिशेब दोन ठिकाणी आपोआप सुचत नाही.

आणि लगेच फरक बघा. बैलाने माणूस मारला तर हम्मुराबीकडे (कलम २५०-२५२) रस्त्यावरच्या अपघाताला दावाच नाही. बैल मारका आहे हे ठाऊक असूनही शिंगांना आवर घातला नसेल तर अर्धा मीना चांदी द्यायची आणि सुटायचं. निर्गममध्ये बैलाला दगडांनी ठार करायचं, त्याचं मांससुद्धा खायचं नाही. माणसाचा जीव घेतलेल्या बैलाचा कुणाला फायदा नको. चांदीच्या हिशेबात नसलेली गोष्ट आत आली.

दशमान

संकेतांबाबत तुमचं १९९९ चं उत्तर वाचतो निवांत, लगेच मान डोलावणार नाही. हे बैलांचं मात्र भारी आहे. पण बैलाला शिक्षा म्हणजे जरा विचित्र नाही का? त्याला काय कळतं?

नवगावकर

विचित्र वाटतं खरं, पण आमच्या रब्बींनी ते फार गांभीर्याने घेतलंय. मिश्नाह या रब्बींच्या जुन्या कायदेसंग्रहात (सनहेद्रीन १:४) अशा बैलाचा खटला २३ न्यायाधीशांपुढे चालवावा असं आहे. माणसाच्या देहदंडाच्या खटल्याला जितके लागतात तितकेच. मालकाला मारायचं तर जी रीत, तीच बैलाला.

खवचट_काका

बैलाच्या गैरहजेरीत निकाल चालायचा का?

नवगावकर

काका, तुम्ही चेष्टा करताय पण तालमूदमध्ये (बावा कामा ४५अ) नेमका हाच वाद आहे. रब्बींचं बहुमत : नाही. बैल समोर उभा असल्याशिवाय निकाल पुरा करायचा नाही.